‘ॲटॅकनं गेले’ एवढ्यावरच थांबायचं का?

आपल्याकडं चालतं-बोलतं माणूस अचानक गेलं की सगळ्या गावाला एकच उत्तर ठाऊक असतं. ‘ॲटॅक आला.’ शेतात पाणी द्यायला गेलेला माणूस बांधावर पडलेला सापडला, ॲटॅक. रात्री जेवून झोपलेले आबा सकाळी उठलेच नाहीत, ॲटॅक. लग्नाच्या मांडवात मामा कोसळले, ॲटॅक. मग चार दिवस हळहळ होते. ‘भाग्यवान हो, कुणाकडून सेवा करून घेतली नाही,’ असंही कुणीतरी म्हणून जातं. तेरवी होते, पाहुणे पांगतात आणि घरातली बाई पुढची वीस-तीस वर्षं एकटीनं ओढायला मागं राहते.

ते माणूस नेमकं कशानं गेलं, त्याला वाचवता आलं असतं का, हे विचारायची आपल्याकडं पद्धतच नाही. विचारलं तर लोक म्हणतात, ‘आता उकरून काय फायदा? गेलेलं माणूस परत येणार आहे का?’ गेलेलं येणार नाही, हे खरंच आहे. पण पुढच्या वर्षी ज्या घरावर ही पाळी येणार आहे, त्या घरातलं माणूस राहू शकतं. आज ज्या वहीबद्दल मी लिहिते आहे, ती त्या घरासाठी आहे.

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हिशेब झाला, चहा झाला. बोलता बोलता विचारलं, ‘वर्षभरात आपल्या गावात अशी अचानक किती माणसं गेली गं?’ एकीनं चार सांगितली, दुसरीनं सात. मग सगळ्या मिळून गल्ली गल्ली आठवू लागल्या. आकडा नवावर गेला. त्यातले पाच जण पन्नाशीच्या आतले. हळद शिजवायच्या दिवसांत कढईजवळच एक जण कोसळला होता. त्याची बायको तिथंच बसलेली होती. ती म्हणाली, ‘ताई, ते घोरल्यासारखं करत होते. आम्हाला वाटलं श्वास चालू आहे, चक्कर आली असेल. तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला. जीप मिळायला पाऊण तास गेला. दवाखान्यात नाडी बघितली आणि आणायच्या आधीच गेले म्हणून सांगितलं. बस, तेवढंच.’

त्या बाईचा यात काडीचाही दोष नाही. ते घोरणं म्हणजे श्वास नव्हता, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पण मला जास्त लागलं ते पुढचं. नऊ माणसं गेली आणि त्या नऊ जणांची एकत्र नोंद कुठंही नाही. ग्रामपंचायतीत मृत्यूची तारीख आहे. दवाखान्याच्या रजिस्टरात ‘मृतावस्थेत आणले’ अशी एक ओळ असेल. त्या पाऊण तासात काय घडलं, ते फक्त त्या बाईच्या डोक्यात आहे. उद्या तीही विसरेल, किंवा विसरायचा प्रयत्न करेल.

आधी एक गोष्ट समजून घेऊ या. हार्ट ॲटॅक आणि हृदय बंद पडणं, ज्याला डॉक्टर कार्डिॲक अरेस्ट म्हणतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर विहिरीवरची मोटार डोळ्यांसमोर आणा. पाइपलाइनमध्ये गाळ अडकला की पाणी कमी येतं, मोटारीवर ताण पडतो, पण ती चालू असते. हा झाला हार्ट ॲटॅक. माणसाच्या छातीत दुखतं, घाम फुटतो, पण ते बोलतं, चालतं, दवाखान्यात नेता येतं. स्टार्टरच ट्रिप झाला तर मोटार जागच्या जागी बंद. हा झाला अरेस्ट. माणूस कोसळतं, हाक मारली तरी ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही. कधी आचके देतं, कधी घोरल्यासारखा आवाज येतो, कधी फिट आल्यासारखे झटके येतात. गाळ अडकल्यामुळं स्टार्टर ट्रिप होऊ शकतो, म्हणजे ॲटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो. पण दुसऱ्या कारणांनीही होतो.

अरेस्टमध्ये हातात मिनिटं असतात. चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. काहीच केलं नाही, तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होत जाते. जवळच्या माणसानं लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात केली, मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण दोन इंच छाती खाली जाईल असं, तर थोडं तरी रक्त मेंदूला पोचत राहतं. नंतर विजेचा झटका देणारं यंत्र मिळालं, तर बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू होण्याची आशा असते. डॉक्टर येईपर्यंत काय झालं, यावरच सगळं ठरतं. आणि नेमकं तेच कुठं लिहिलं जात नाही.

जगात काही देशांनी हेच लिहायला सुरुवात केली. १९९० साली नॉर्वेमधल्या उटस्टाइन नावाच्या एका जुन्या मठात वेगवेगळ्या देशांचे डॉक्टर जमले. प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनं आकडे मांडत होता, त्यामुळं कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं, की हृदय बंद पडलेल्या प्रत्येक माणसाबद्दल सगळ्यांनी एकसारखेच प्रश्न विचारायचे. माणूस कुठं कोसळलं? कुणी पाहिलं का? फोन केव्हा केला? छाती कुणी दाबली का? गाडी किती मिनिटांत आली? विजेचा झटका दिला का? ठोका परत आला का? माणूस दवाखान्यातून घरी गेलं का? आज जगभर या नोंदी त्याच मठाच्या नावानं ओळखल्या जातात.

स्वीडननं अशी देशाची वही १९९० मध्ये सुरू केली, डेन्मार्कनं २००१ मध्ये, जपाननं २००५ मध्ये. डेन्मार्कचं उदाहरण ऐकण्यासारखं आहे. तिथं २००१ साली दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्या शंभरातल्या फक्त २१ जणांची छाती जवळच्या माणसांनी दाबली होती. महिन्यानंतर जिवंत होते शंभरातले साडेतीन. म्हणजे तिथली माणसंही आपल्यासारखीच बघत उभी राहत होती! मग जानेवारी २००५ पासून शाळेतल्या मुलांना हे शिकवणं सक्तीचं झालं. ऑक्टोबर २००६ पासून गाडी चालवायचं लायसन्स हवं असेल तर आधी हे शिका, असा नियम आला. फोनवरून सूचना देणं सुधारलं, झटका देणारी यंत्रं ठिकठिकाणी लावली. २०१० साली छाती दाबणाऱ्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांवर गेलं आणि महिन्यानंतर जिवंत राहणारे शंभरात जवळजवळ अकरा झाले. तिपटीनं वाढ.

वहीनं माणसं वाचवली नाहीत, माणसांनीच वाचवली. पण कुठं कमी पडतंय आणि केलेल्या कामाचा उपयोग होतोय का, हे वहीनं दाखवलं. आपण घरखर्चाची डायरी कशाला लिहितो? डायरी लिहिल्यानं पैसे वाढत नाहीत. पण ते कुठं गळतात ते कळतं, आणि मग गळती थांबवता येते.

कुणी म्हणेल, ही परदेशातली थेरं, आपल्या मराठवाड्यात कुठं चालणार? तर मग बार्शीची गोष्ट ऐका. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी आणि शेजारचे परंडा आणि भूम हे आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तालुके मिळून १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. त्या आधी अशी नोंदणी मुंबईसारख्या मोठ्या शहरांतच होती. मुंबईची तर १९६३ पासूनची. तिथं दवाखान्यातल्या केसपेपरवरून नावं मिळत. बार्शीकडच्या खेड्यांत कॅन्सर झालेली बाई दवाखान्यापर्यंत जायचीच नाही, मग केसपेपर कुठून येणार? म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरले. सरपंचांना, दाईंना, शिक्षकांना भेटले, कोण आजारी आहे ते विचारलं. विचारता विचारता त्यांनी बायकांना लक्षणंही सांगितली. पाळी गेल्यावर अंगावर लाल जाणं चांगलं नाही, संबंधानंतर रक्त जाणं चांगलं नाही, लपवू नका, दाखवून घ्या.

याचा परिणाम असा झाला, की काही वर्षांतच गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. त्याच भागात काम करणाऱ्यांनी पुढं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांना घेऊन मोठा अभ्यास केला. २००९ साली तो जगापुढं आला. एचपीव्ही या विषाणूची एकदा तपासणी करून वेळेत उपचार केले, तर या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं. आपल्यासारख्याच नऊवारी नेसणाऱ्या, खुरपायला जाणाऱ्या बायकांच्या नोंदींवरून साऱ्या जगानं शिकावं, ही काय लहान गोष्ट आहे? विशेष म्हणजे नोंद घ्यायला गेलेला माणूस तिथं नुसतं लिहून परत आला नाही, सांगूनही आला. माझ्या मते यातला खरा धडा तोच आहे.

दुसरं उदाहरण तर आपल्या घरातलंच आहे. बाळंतपणात बाई दगावली तर आता त्या मृत्यूची चौकशी होते. कळा केव्हा सुरू झाल्या, गाडी केव्हा आली, रक्त मिळालं का, कुठं उशीर झाला, हे घरच्यांना विचारून लिहिलं जातं. २००४ ते २००६ या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत बाळंतपणांमागं १३० माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, गाड्या आल्या, आशाताई आल्या, या सगळ्याचा त्यात वाटा आहे. पण प्रत्येक मरण मोजायचं आणि त्याला ‘नशीब’ म्हणून सोडून द्यायचं नाही, ही सवय लागली, याचाही आहे. एके काळी ‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, त्यात असं व्हायचंच’ असं म्हणणारे आपणच होतो ना!

आता अचानक जाणाऱ्या माणसांकडं बघू. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि बहुतेक जण ती करतात. कारण वारसाची नोंद, सातबाऱ्याचा फेरफार, बँक, विमा, सगळ्याला दाखला लागतो. पण त्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलंच नसतं. कारणाचा वेगळा कागद असतो आणि तो डॉक्टरनं भरायचा असतो. २०२० साली देशात नोंदलेल्या शंभर मृत्यूंपैकी साडेबावीस मृत्यूंनाच असं डॉक्टरनं प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीच्यांचं कारण म्हणजे गावानं ठरवलेलं कारण. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली बदल झाला, तो ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाचा दाखला देणं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं आता बंधनकारक आहे. चांगलंच झालं. पण जो दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला, त्याचं काय?

आपल्या शेजारच्या तेलंगणातल्या वारंगळला काही डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न हातात घेतला. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात २०१८ साली वर्षभर, मृतावस्थेत आणलेल्या माणसांच्या नातेवाइकांना भेटून, त्या शेवटच्या तासात काय घडलं ते त्यांनी लिहून काढलं. म्हणजे हे आपल्यासारख्या भागात करता येतं. नांदेडहून गाडीत बसलं तर वारंगळ काही साता समुद्रापलीकडं नाही. पण एका शहराचा एक वर्षाचा अभ्यास वेगळा आणि वर्षानुवर्षं चालणारी देशाची वही वेगळी. अशी सरकारी राष्ट्रीय वही अजून आपल्याकडं उभी राहिलेली नाही.

नोंद नसली की तिथं अफवा वाढते. करोनानंतर तरुण पोरं नाचताना, व्यायाम करताना कोसळल्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले आणि ‘लस घेतल्यामुळंच हे होतंय’ असं घराघरात बोललं जाऊ लागलं. शेवटी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या अचानक गेलेल्यांची माहिती गोळा करावी लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये निष्कर्ष आला, की लसीमुळं धोका वाढलेला नाही. आधी करोनासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलेलं असणं, घरात पूर्वी कुणी असं अचानक गेलेलं असणं, एकाच वेळी खूप दारू पिणं, अचानक फार जोराचे श्रम करणं, यांचा संबंध मात्र दिसला. वही आधीपासून असती, तर हे उत्तर दोन वर्षं लवकर मिळालं असतं आणि कितीतरी आयांच्या मनातली भीती टळली असती.

तसंच ६ डिसेंबर २०२३ ला छाती दाबण्याचं प्रशिक्षण देशभर एकाच दिवशी दिलं गेलं. लाखो लोकांनी त्यात भाग घेतला. स्तुत्यच आहे. पण त्या लाखोंपैकी किती जणांवर खरी वेळ आली, किती जणांनी हात लावला, किती माणसं वाचली? शिकवलेल्यांचा आकडा आपल्याकडं आहे, वाचलेल्यांचा नाही. स्वयंपाक किती केला ते लिहायचं आणि किती जण जेवले ते बघायचंच नाही, अशातली गत!

तुम्ही म्हणाल, हे सगळं डॉक्टर-सरकारचं काम, बायकांच्या पुरवणीत कशाला? तर ते मुद्दामच इथं लिहिते आहे.

पहिलं कारण असं, की हृदय बंद पडतं ते जास्त करून घरात. अमेरिकेतल्या नोंदींमध्ये दहातले सुमारे सात प्रसंग घरातच घडलेले आहेत. आणि घरात कोण असतं? आपण असतो, सासूबाई असतात, शाळेतून आलेली लेक असते. म्हणजे पहिली मदत करायची वेळ बाईवरच येणार. तिला शिकवलेलं नसेल तर ती काय करणार? रडणार, ओरडणार, तोंडात पाणी घालणार.

दुसरं कारण आणखी कडू आहे. बाई कोसळली तर तिला हात कोण लावणार? अमेरिकेत २०११ ते २०१५ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा चारचौघांत कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांची छाती कुणीतरी दाबली होती, बायकांपैकी ३९ टक्क्यांची. तिकडं ही गत, तर आपल्या बसस्टँडवर, आठवडी बाजारात काय होत असेल? पदर सरकेल, लोक काय म्हणतील, या विचारात मिनिटं जातात. पण किती जातात, किती जणी अशा गेल्या, हे आपल्याकडं कुणी मोजलेलं नाही. आणि न मोजलेलं दुःख सरकारला दिसत नाही, समाजालाही दिसत नाही. बाईचा ॲटॅकही असाच नजरेआड होतो. छातीत कळ येण्याबरोबर किंवा तिच्याऐवजी तिला धाप लागते, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. घरचे म्हणतात गॅस झाला असेल, आणि तीही म्हणते, ‘आधी भाकरी टाकते, मग पडते जरा.’

तिसरं कारण पोटापाण्याचं. शेतात माणूस मेलेला सापडला. साप चावला का, मोटारीचा शॉक लागला का, का हृदय बंद पडलं? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत साप, वीज, शॉक अशा अपघाती मृत्यूला वारसांना दोन लाख रुपये मिळतात, हृदयविकाराला मिळत नाहीत. गावानं ‘ॲटॅक’ म्हणून मोकळं व्हायचं, घाईनं अग्नी द्यायचा आणि महिन्यानं त्या विधवेनं कागद कुठून आणायचे? कारण शोधणं म्हणजे मेलेल्याची विटंबना नाही, मागं राहिलेलीचा तो हक्क आहे.

आता यावर हरकती येतील, आणि त्यांत तथ्यही आहे. पहिली हरकत अशी, की आधी गाड्या द्या, डॉक्टर द्या, वही नंतर बघू. १०८ ची सेवा आपल्या राज्यात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि त्या गाडीनं कितीतरी घरं वाचवली, हे मान्यच आहे. पण सेनगावच्या टोकाच्या गावाला गाडी यायला किती मिनिटं लागतात आणि वसमतला किती, हे कागदावर मांडल्याशिवाय जास्तीची गाडी कुठं हवी ते कसं कळणार? नोंद नसली की गाडी मोठ्या पुढाऱ्याच्या गावाला जाते. वही हे गरिबाच्या गावाचं वजन आहे.

दुसरी हरकत आशाताईंची. गरोदर बाया त्यांनीच बघायच्या, लसीकरण त्यांचंच, तीस वर्षांवरच्यांचे बीपी-शुगरचे फॉर्म त्यांनीच भरायचे. मानधनासाठी २०२३-२४ मध्ये त्यांना संपावर बसावं लागलं. त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर फुकटात ठेवायचं असेल, तर माझाही विरोध आहे. काम द्या तर मोबदलाही द्या. आणि सगळा भार त्यांच्यावर कशाला? गाडीची वेळ १०८ कडं असते, दवाखान्यातलं दवाखान्याकडं असतं, मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडं असते. तिन्ही कागद महिन्यातून एकदा एकमेकांशेजारी ठेवायचे, एवढंच तर आहे. घरी जाऊन दोन शब्द विचारायचे तेवढं काम आशाताईचं.

तिसरी हरकत बदनामीची. ‘सून बघत बसली, काही केलं नाही,’ असं वहीतून निघालं तर? म्हणून या वहीत दोष कुणाचा, हा रकानाच नको. नाव बाहेर फुटता कामा नये. सून बघत बसली असेल, तर प्रश्न तिला विचारायचा नाही, तिला कुणी शिकवलं नव्हतं त्या व्यवस्थेला विचारायचा.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. पाच तालुके, २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोक. मोठ्या आजाराला नांदेड गाठायचं, ही आपली जुनी सवय. पण २०२४ पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. शिकणारी पोरं-पोरी आहेत, शिकवणारे डॉक्टर आहेत. राष्ट्रीय वही दिल्लीत जेव्हा व्हायची तेव्हा होईल, पण एका जिल्ह्याची वही सुरू करायला यापेक्षा चांगली वेळ कोणती? महाविद्यालय, जिल्हा सामान्य रुग्णालय, १०८ आणि जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग यांनी एकत्र बसावं. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत, पाचही तालुक्यांत अचानक कोसळलेल्या प्रत्येक माणसासाठी एक पानाचा मराठी फॉर्म असावा. त्यात बाई की पुरुष, वय किती, आधी बीपी-शुगरच्या गोळ्या चालू होत्या का, हे असावंच. बाई असेल तर तिला मदत मिळायला किती वेळ लागला, तेही असावं. पण उटस्टाइनचे प्रश्न बदलू नयेत, म्हणजे उद्या आपले आकडे पुण्याशी, वारंगळशी, डेन्मार्कशीही ताडून बघता येतील. आणि वर्षाच्या शेवटी त्या वहीनं काय सांगितलं, ते गावाला परत येऊन सांगावं. बार्शीनं सांगितलं, तसंच.

तोवर आपण काय करायचं? तीन गोष्टी. एक, आपल्या मंडळात, बचत गटात, लेकीच्या शाळेत डॉक्टरांना किंवा नर्सताईंना बोलावून छाती दाबायला शिकून घ्या. हळदी-कुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचा डबा वाटण्यापेक्षा एक तास हे शिकवा. उशीवर सराव करता येतो. दोन, अशी वेळ आली तर एकीनं छाती दाबायची, दुसरीनं १०८ ला फोन लावायचा आणि घड्याळ बघायचं. किती वाजता पडले, किती वाजता फोन केला, गाडी केव्हा आली. तिसरी गोष्ट म्हणजे, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते, तिथं हात वर करून विचारायचं, ‘गेल्या वर्षी आपल्या गावात अचानक किती माणसं गेली? त्यातल्या किती जणांना कुणी हात लावला?’

ग्रामसेवकांना उत्तर देता येणार नाही. पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. नळाच्या पाण्याचा, रेशनच्या धान्याचा हिशेब आपण मागायला शिकलोच आहोत. माणसांचा हिशेब मागायला कशाला कचरायचं?